तिखट लागलं तर पाणी का नको?

बालमित्रांनो, ठेचा-भाकर खाताना तोंड पोळलं की आपण तांब्याभर पाणी पितो. तरी जळजळ थांबत नाही. का बरं?

मिरचीत कॅप्सेसिन असतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक यांतलं केसिन हे प्रथिन त्याला धरून पोटात नेतं. म्हणूनच पिंगळीत माझी आजी ठेच्याबरोबर दही वाढते.

जीभ खरोखर भाजत नाही. उष्णता ओळखणाऱ्या नसांना कॅप्सेसिन फसवतं. ही फसगत कुठं होते ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

मिरच्या खुडल्यावर हाताला तेल चोळा, मग साबणानं धुवा. तसाच हात डोळ्याला लावू नका. धाकट्या भावंडांनाही सांगा!