गच्चीवरील हरितगृह : ऊब हवी कीं सांवली?

हरितगृह म्हटलें कीं चित्रांत पाहिलेला कांचेचा मंडप डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि ज्या कुटुंबास चार हात मोकळी गच्ची लाभली आहे, त्यांतील कोणाला ना कोणाला तसा मंडप आपणही उभारावा अशी हौस वाटूं लागते. हौस उत्तम आहे. परंतु ती पुरविण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल लावून घेणें अवश्य आहे. आपल्या झाडांना ऊब द्यावयाची आहे कीं सांवली? याचा विचार न करितां उभारलेलें हरितगृह पहिल्याच वैशाखांत रोपांची भट्टी बनतें. मग खर्च तर वायां जातोच, शिवाय वडील मंडळींचा ‘आम्ही सांगत होतों’ हा शेरा वर्षानुवर्षें ऐकावा लागतो.

कांचगृह हें थंड देशांचें अपत्य. लंडनमधील वॉर्ड नांवाच्या डॉक्टरास १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलींत आपोआप उगवलेलें नेच्याचें रोप आढळलें. त्यावरून त्यानें कांचेच्या बंद पेट्या तयार केल्या, आणि १८३३ मध्यें अशा पेट्यांतून पाठविलेलीं रोपें थेट सिडनीपर्यंत जिवंत पोंचलीं. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधील चहाचीं रोपें याच युक्तीनें हिमालयाच्या उतारांसाठीं आणविलीं. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेंत १८८९ सालचें भव्य कांचगृह आहे खरें. परंतु त्याची ख्याति आहे ती पुष्पप्रदर्शनांसाठीं. त्या शहराच्या हवेंत झाडांना कृत्रिम ऊब ती कितीशी लागणार!

कांचेच्या आंत इतकी उष्णता कां साठते? सूर्यकिरण कांचेंतून आंत येतात, पण तापलेल्या जमिनीपासून निघणारे उष्णतेचे किरण कांच बाहेर जाऊं देत नाहीं, असें पुष्कळ पुस्तकांत सांगितलेलें असतें. हें खोटें नव्हे, पण मुख्य कारणही नव्हे. १९०९ मध्यें वुड या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञानें एका पेटीवर कांच आणि दुसरीवर, ते किरण जाऊं देणारा, सैंधवाचा पत्रा बसवून पाहिलें. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! सारांश, उष्णता वाढते ती मुख्यत: गरम हवा कोंडल्यामुळें. आपल्या दृष्टीनें यांतील मर्म असें कीं, भिंत कशाची आहे यापेक्षां हवेला वाट किती आहे हें अधिक महत्त्वाचें.

पुण्याकडे हिवाळ्यांतील रात्रीं उष्णमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतें, तें आपल्या बहुतेक झाडांना सोसतें. उन्हाळ्यांत मात्र दुपारीं तें ३८-४० अंशांवर चढतें, आणि नागपुराकडे तर ४५ च्याही पुढें. तेव्हां देशावर हवी ती सांवली व ओलावा. कोंकणांत हवें तें धुवांधार पावसापासून रक्षण. ही दृष्टि आपल्या शेतकऱ्यांना नवी नाहीं. पानमळ्यांतील नागवेल शेवरी-पांगाऱ्याच्या छायेंत वाढविली जाते. बंगाल्यांत तर बांबू-बोरूंचें छप्पर व कुडें घालून ‘बरज’ उभारतात. आमच्या मतें तेंच आपलें खरें हरितगृह होय.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं. आठ फूट लांब, सहा फूट रुंद व मध्यें आठ फूट उंच एवढा सांगाडा एका घरास पुरे. त्याहून मोठा करण्याचा मोह आवरावा, कारण चैत्र-वैशाखांत पापड-कुरडयांच्या वाळवणास गच्ची लागतेच, आणि तिच्यावरील घरच्या बायकांचा हक्क अधिक जुना आहे. वजनाचा हिशेब आधीं करावा. एक घनफूट ओली माती सुमारें ४५ ते ५० किलो भरते. म्हणून मातींत नारळाचा भुसा व कुजलेलें खत भरपूर मिसळून ती हलकी करावी, जड कुंड्या भिंतींच्या वर येतील अशा कडेनें मांडाव्या, आणि इमारत जुनी असल्यास स्थापत्यविशारदाचा सल्ला घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये. इमारत सामाईक असेल तर लेखी संमतिही घ्यावी.

खांबांसाठीं गच्चीस भोंकें पाडूं नयेत. पहिल्या पावसांत खालच्या खोलीचें छत गळूं लागतें. लोखंडी नळ सिमेंटनें भरलेल्या डब्यांत रोवून कठड्यास आवळून बांधावे. वर व चोहों बाजूंनीं निम्मी सांवली देणारी जाळी घालावी. पावसाळ्यापुरता, उन्हानें न चिरणारा प्लास्टिकचा पारदर्शक कागद छपरावर चढवावा, तोही उतरता व सहज सुटणारा. वळवाच्या वादळांत तो सोडून ठेवला नाहीं तर शिडाप्रमाणें सगळा सांगाडा उचलला जातो. कागद असतांना छपराशीं निदान जमिनीच्या एकपंचमांश एवढी झडप उघडी हवी. उन्हाळ्यांत दुपारीं खालची फरशी भिजविली व पश्चिमेस वाळ्याचा ताटा टांगला कीं आंतील हवा स्पष्टपणें निवते. पावसाळ्यांत हाच उपाय निरुपयोगी, नव्हे घातक. हवा आधींच ओलीचिंब असल्यामुळें पाणी उडत नाहीं, आणि कोवळीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. त्या दिवसांत पाणी सकाळींच, आणि बोट घालून माती कोरडी लागली तरच.

जाळीच्या आंत मधमाशी शिरत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. टोमॅटो व वांगें यांचीं फुललेलीं डहाळीं सकाळीं हलकेंच हालविलीं कीं काम भागतें. दुधी लावला असेल तर त्याचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें. तेव्हां नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागीं टेंकवावे. मादी फूल ओळखणें अवघड नाहीं, त्याच्या मागें देठाशीं चिमुकला दुधीच असतो. हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. तीं कधीं विसरत नाहींत, उलट कोणाचा दुधी मोठा झाला यावरून भांडतात.