वर्ग, वस्तू आणि त्यांची नावे

'बालाघाट' म्हटले की मराठवाड्यातील वाचकास आपल्याकडील डोंगररांग आठवते. वैनगंगेच्या खोऱ्यातील वाचकास मध्यप्रदेशातील नगर. त्यातही नगर, तहसील आणि जिल्हा या तिघांचे नाव तेच. बोलण्यात प्रसंगावरून अर्थ उलगडतो. संगणकास प्रसंग कळत नाही. पायथॉन भाषेत 'बालाघाट' या नावाने आधी जिल्हा ठेवला व पुढे त्याच नावाने नगर ठेवले, तर नाव नगराकडे जाते आणि जिल्हा हातचा सुटतो. संगणक त्याविषयी चकार शब्द काढीत नाही.

वस्तुप्रधान आज्ञावलीच्या मुळाशी वर्ग आणि वस्तू या दोन कल्पना आहेत. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत त्या प्रथम रूपास आल्या. मराठी व्याकरण शिकलेल्यास त्या परक्या वाटू नयेत. 'नदी' हे सामान्यनाम. 'वैनगंगा' हे विशेषनाम. नदीला उगम असतो, लांबी असते, ती कोठे तरी मिळते, एवढेच वर्ग सांगतो. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते व वर्धेशी मिळून प्राणहिता होते, हे सांगणे वस्तूकडे.

रोमन लिपीत वर्गाचे आद्याक्षर मोठे व वस्तूचे लहान, या रूढीवर काम भागते. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून नावे देवनागरीतही देता येतात. पण देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. मग नवशिका बेधडक 'नदी = नदी()' असे लिहितो. पहिली नदी निर्माण होते, सारे सुरळीत भासते. वस्तुतः त्याच ओळीत 'नदी' हे नाव वर्गाकडून निघून वस्तूकडे गेलेले असते, आणि दुसरी नदी निर्माण करावयास जावे तो आज्ञावली अडते. चूक एका ओळीत, तक्रार दुसऱ्या ओळीत! येथे लिपी साह्य करीत नाही, म्हणून शब्दानेच भेद दाखविला पाहिजे: वर्ग 'नदी', वस्तू 'वैनगंगा'.

वर्गाचे नाव एकवचनी असावे, हा नियमही मराठीत जरा जपून पाळावा लागतो. 'नद्या' म्हटले की समूह कळतो. पण 'डोंगर' एक की अनेक, हे शब्दावरून कळत नाही. समूहास 'डोंगरयादी' म्हणणे आम्हांस रुचते; कानाला ते गोड नाही, हे कबूल. 'माहिती', 'व्यवस्थापक' असली नावे मात्र टाळावीत. त्यांत काहीही मावते, म्हणून काहीच कळत नाही.

तरीही प्रत्येक नावास शेपूट जोडण्याचे कारण नाही. 'वैनगंगानदी' लिहून कोणाचे ज्ञान वाढत नाही. तिची उपनदी बाघ हिची गोष्ट निराळी. कान्हाच्या अरण्याचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो, आणि हिंदीत बाघ म्हणजे वाघ. त्या जिल्ह्याच्या आज्ञावलीत नुसते 'बाघ' लिहिले, तर पुढे ती वाचणारा तिला उगम विचारील की वय? तेथे 'बाघनदी' असेच लिहावे.