योग्य हाती पडलेले पुस्तक

"दिवसभर त्या पुस्तकांत बसून तुम्हाला कंटाळा येत नाही का?" ओळखीच्या बायका आम्हाला नेहमी विचारतात. आम्ही दोघी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करतो. एक ग्रंथपाल, दुसरी देवघेव सांभाळणारी. पगार थोडा, तोही अनुदानावर अवलंबून. अनुदान लांबले की घरखर्चाची ओढाताण होते. तरी दुसरी नोकरी शोधावी असे मनात येत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

कंटाळ्याचा प्रश्न नवा नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकलकोंड्या कामाला इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला पाठवा म्हणून विनंती करून बसले. आधी इंग्लंडला जाऊन तिथली ग्रंथालये पाहा, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. तिथून परतल्यावर मात्र त्यांनी ग्रंथालय सोडले नाही. १९३१ मध्ये त्यांनी पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. प्रशिक्षण वर्गात आम्ही ते पाठ केले होते. पण त्यांचा अर्थ आम्हाला एका चाचांनी शिकवला.

चाचांची उमर कुवेतला नोकरीत गेली. साठी उलटल्यावर ते गावी परतले. वाचनालय उघडण्याआधीच ते पायरीवर येऊन बसलेले असत. वर्तमानपत्र पुढे घेत, पण पान क्वचितच उलटत. एके दिवशी ते मुलांच्या कपाटापाशी पहिलीचे पुस्तक चाळताना दिसले. आमच्यापैकी एकीने जागेवरूनच आवाज दिला, "चाचा, ते मुलांचं कपाट आहे. मोठ्यांची पुस्तकं इकडे." चार माणसांनी वळून पाहिले. चाचांनी पुस्तक जागेवर ठेवले आणि निघून गेले. पुढचे आठ दिवस पायरी रिकामी होती.

त्यांची सून पुस्तक बदलायला आली तेव्हा खरा प्रकार कळला. चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी फाडफाड बोलतात, पण वाचता येत नाही. आम्हाला फार वाईट वाटले. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली.

"माफी कसली, बेटा," चाचा म्हणाले. "या वयात अक्षरं गिरवायची म्हणजे मलाच शरम वाटते. पण जमिनीचे कागद सगळे मराठीत. आजवर जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. मरायच्या आधी एकदा स्वतः वाचायचंय."

दुपारी वाचनालय जवळजवळ ओस असते. ती वेळ आणि कोपऱ्यातले टेबल आम्ही त्यांना दिले. पहिलीचे पुस्तक ते वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वाचत. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे करत असू. अडले की ते हळूच हाक मारत. जोडाक्षरांनी त्यांना फार छळले. 'क्षेत्र' हा एक शब्द बसायला चार दिवस लागले. रमजानमध्येही त्यांनी खंड पाडला नाही.

वर्षभराने एका दुपारी ते सातबारा आणि जुन्या फेरफाराची नक्कल घेऊन आले. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी वारसांची नावे वाचली. त्यांचे स्वतःचे, मग दोन भावांची. पुन्हा एकदा वाचली. मग आमच्याकडे पाहून विचारले, "आपाचं नाव कुठे आहे?"

थोरल्या बहिणीचे नाव त्यात नव्हतेच. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा, सुट्टीवर आलेल्या चाचांनीही न वाचता सही केली होती. आपा विधवा, लेकीच्या घरी राहते. तिने कधी शब्द काढला नाही. "तिचा हक्क आम्ही खाल्ला, बेटा, आणि मला पत्ताही नव्हता," एवढे बोलून चाचा बराच वेळ गप्प बसले.

नंतर ते भावांशी बोलले. एक लगेच तयार झाला, दुसरा अजून नाराज आहे. नाव लावण्यासाठी अर्ज दिला आहे, काम पुरे व्हायचे आहे. पण आपाच्या घरी जाऊन चाचांनी तिला स्वतः सगळे सांगितले.

यात आमचे काय? एक पहिलीचे पुस्तक आणि कोपऱ्यातले टेबल. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो नसतो तर एवढेही दिले नसते. तेव्हापासून कुणी कोणत्याही कपाटापाशी उभा राहिला तरी आम्ही जागेवरून आवाज देत नाही, उठून जवळ जातो. आणि कंटाळा येतो का असे कुणी विचारले की चाचा आठवतात.

पुस्तक सर्वांच्या हाती पडावे ही ओढ आपल्याकडे जुनीच आहे. पाटण्याच्या मौलवी मोहम्मद बख्श यांनी आपला हस्तलिखितांचा संग्रह लोकांसाठी खुला करावा, अशी इच्छा मृत्यूपूर्वी मुलाला सांगितली. खुदाबख्श यांनी तो संग्रह वाढवला आणि १८९१ मध्ये लोकांसाठी खुला केला. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनाचा आधार मिळाला. ही वाचनालये तुमचीही आहेत. आमच्याकडे बसून वर्तमानपत्र वाचायला पैसे लागत नाहीत. पुस्तक घरी न्यायचे तर थोडी अनामत आणि वर्गणी पुरते. मुलांना घेऊन या, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आणा. काय हवे ते नेमके सांगता आले नाही तरी चालेल. शोधून देणे हेच आमचे काम.

चाचा अजून रोज येतात. हल्ली सोबत त्यांच्याच वयाचे एक दोस्त असतात. दोघांच्या पुढ्यात पहिलीचे पुस्तक असते, आणि त्यावर वर्तमानपत्र नसते.