जयपुरात समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मोठ्या मत्स्यालयासाठी माशांची निवड

समुद्रातील मासे पाळण्याची इच्छा केवळ समुद्रकाठच्या माणसालाच होते असे नाही. किंबहुना, ज्याला समुद्र सहजासहजी पाहावयास मिळत नाही त्याचेच कुतूहल अधिक असते. जयपूर हे शहर सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविले. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर असून त्याच्या कोणत्याही दिशेस पाचशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. अशा शहरातील एखाद्या शाळेने आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवून तीत प्रवाळबेटांवरचे रंगीत मासे सोडावयाचे ठरविले, तर तिला कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, हे या लेखात पाहू.

सार्वजनिक मत्स्यालये प्रथम बांधली गेली ती बहुधा समुद्राच्या काठी. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावरील मत्स्यालय १९०९ मध्ये उघडले, आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पापलेट व बांगडा ज्यांनी केवळ ताटात पाहिले होते अशा कित्येक मुलांना समुद्रातील मासा पोहताना प्रथम दिसला तो तेथे. अशा ठिकाणी समुद्र दाराशीच असतो. जयपुरात मात्र तो आधी तयार करावा लागतो.

आपली टाकी दोन मीटर लांब, सत्तर सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल आहे असे समजू. तीत सुमारे ९८० लिटर पाणी मावेल. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. या हिशेबाने एकदा टाकी भरण्यास सुमारे ३५ किलोग्रॅम क्षार लागतील आणि नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होईल. तेव्हा टाकी कोठे ठेवावयाची, हा प्रश्न माशांपेक्षा गवंड्याला आधी विचारावा हे बरे.

येथे जयपूरकराच्या मनात एक स्वाभाविक विचार येतो. जवळच सांभरचे प्रसिद्ध खारे सरोवर आहे. शतकानुशतके तेथे मीठ पिकत आले आहे. मग समुद्राचे पाणी बनविण्यास ते मीठ का चालू नये? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. समुद्राच्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम व क्लोरिन यांचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या मिठाचा असतो, हे खरे. पण उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट असतात, आणि माशांचे व इतर सागरी जीवांचे आरोग्य त्यांवर फार अवलंबून असते. सांभरच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट व सोडियम सल्फेट पुष्कळ, परंतु कॅल्शियम व मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. शिवाय ते पाणी समुद्रापेक्षा बरेच अधिक अल्कधर्मी असते. दोन्ही पाणी जिभेला खारटच लागतात; माशाच्या कल्ल्यांना मात्र त्यांतील भेद तत्काळ कळतो.

समुद्राचे पाणी कृत्रिम रीतीने बनविण्याची कल्पना जुनी आहे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस याने १८५४ च्या सुमारास निरनिराळे क्षार मोजून मिसळून असे पाणी केले आणि त्यात सागरी जीव जगवून दाखविले. आज बाजारात मिळणारे सागरी क्षारांचे तयार मिश्रण हे त्याच प्रयोगाचे सुधारलेले रूप होय. ते विरघळविण्यासाठी विहिरीचे किंवा नळाचे पाणी थेट वापरू नये. राजस्थानात भूजलात फ्लोराइड व नायट्रेट यांचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अधिक आढळते. म्हणून पाणी आधी गाळणयंत्रातून शुद्ध करून घ्यावे.

पाणी तयार झाले म्हणजे मासे सोडता येतात, ही समजूत अनेक टाक्यांच्या नाशास कारण झालेली आहे. माशांच्या कल्ल्यांतून व मलमूत्रातून अमोनिया बाहेर पडतो. तो अत्यंत विषारी आहे, आणि समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा त्यात या विषाचा प्रभाव कितीतरी पटींनी वाढतो. निसर्गात काही सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जीवाणू वाळूवर, दगडांवर व गाळणीत वस्तीस येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामीच ठेवावी लागते. शाळेतील मुलांना हा काळ फार लांब वाटेल. परंतु याच काळात दररोज पाणी तपासून आलेख काढता येतो. अमोनिया चढतो आणि उतरतो, त्यामागोमाग नायट्राइट चढतो आणि उतरतो. माझ्या मते मासे येण्यापूर्वीचा हा धडा माशांहून कमी मोलाचा नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोणते मासे एकत्र नांदतील?

पहिली कसोटी तोंडाची. एका माशाच्या तोंडात जो मावतो तो त्याचे भक्ष्य समजावा. सिंहमासा पाहा. पिसाऱ्यासारखे पर उघडून तो इतका संथ तरंगतो की नवख्याला तो मोठा साधू वाटतो. प्रत्यक्षात तो लहान माशाला कोपऱ्यात कोंडून क्षणार्धात गिळतो; शिवाय त्याच्या पाठीवरील काटे विषारी असतात, म्हणून टाकीत हात घालणाऱ्यानेही जपावे. कोकणात ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात त्या वर्गातील मासेही असेच. हे मासे पाळू नयेत असे नाही. मात्र त्यांचे सोबती त्यांच्याच आकाराचे असावेत. येथे विसरू नये की दुकानात दिसणारा मासा बहुधा पोर असतो. बोटाएवढा आणलेला ट्रिगर मासा पुढे हातभर वाढला, तर त्याच्या जबड्यापुढे खेकडे, शंख व सागरी साळ्या यांचे काही चालत नाही. म्हणून निवड करताना माशाची आजची लांबी न पाहता त्याची पूर्ण वाढ किती, हे पाहावे.

दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे आणि ती समजण्यास ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांचे निरीक्षण उपयोगी पडते. आक्रमक वृत्तीविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच प्रवाळबेटांवरील माशांची हकीकत आहे. भिंतीवरच्या जाहिरातीसारखे भडक रंग ल्यालेले हे मासे परजातीच्या माशांकडे बहुधा दुर्लक्ष करतात. परंतु स्वजातीचा मासा दिसताच त्याच्यावर तुटून पडतात. त्यांचा रंग म्हणजे जणू मालकीचा फलकच होय. कारण उघड आहे. परजातीच्या माशाचे अन्न वेगळे, बीळ वेगळे. स्वजातीचा मासा मात्र तोच घास व तीच कपार मागणार. समुद्रात हे भांडण लवकर मिटते, कारण हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळावयास जागा नसते. काचेच्या दोन मीटरांत हरलेला मासा विजेत्याच्या दृष्टीसमोरच राहतो, आणि जे भांडण समुद्रात दोन क्षणांचे असते ते येथे मृत्यूपर्यंत चालते.

यावरून निवडीचा नियम आपोआपच निघतो. टाकीत एका जातीचा एकच मासा ठेवावा. रंगाने व आकाराने परस्परांशी फार साम्य असलेल्या भिन्न जातीही शक्यतो टाळाव्यात. सम्राट देवदूत मासा या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. त्याच्या प्रौढाच्या अंगावर पिवळे पट्टे असतात, तर पिलाच्या गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे. दोघांत इतका फरक की एके काळी शास्त्रज्ञांनी पिलाला वेगळी जात समजून निकोबार बेटांवरून तिचे नाव ठेवले होते. पिलू बापासारखे दिसत नाही म्हणूनच ते प्रौढांच्या क्षेत्रात जीव वाचवून राहू शकते, असे यामागील एक स्पष्टीकरण आहे.

या नियमाला गोड अपवाद आहे तो विदूषक माशाचा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा जोडीने ठेवता येतो. फक्त जोडी कशी जमते ते समजून घ्यावे लागते. या माशांची सर्व पिले प्रौढ होताना प्रथम नरच होतात. गटातील सर्वांत मोठा व जबरदस्त मासा मादी बनतो, आणि ती मेली की तिचा नर मादीचे स्थान घेतो. हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये हे शास्त्रीय जगापुढे मांडले. म्हणून दोन पूर्ण वाढलेले मासे न आणता, लहान व एकमेकांहून आकाराने भिन्न असे दोन आणावेत. मोठा कोण, हे त्यांच्यात आधीच ठरलेले असले की तंटा उरत नाही. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखविली आहे. अशी टाकीत जन्मलेली पिले मिळत असतील तर तीच घ्यावीत. ती समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा काटक असतात, तयार अन्न लगेच खातात, आणि प्रवाळबेटावरचा एक मासाही त्यांच्यापायी कमी होत नाही.

तिसरी कसोटी अन्नाची. फुलपाखरू माशांपैकी अनेक जाती केवळ जिवंत प्रवाळ कुरतडून जगतात. टाकीत त्या दिसावयास सुंदर, पण काही आठवड्यांत उपासमारीने मरतात. समुद्रघोडा इतका मंदगती की चपळ सोबत्यांपुढे त्याला घासच मिळत नाही. समुद्रघोड्यांना आणि प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. तेव्हा कोणी ते विकावयास आणले तरी शाळेने घेऊ नयेत.

एका माशाविषयी विशेष सावध करावेसे वाटते. पेटीमासा चौकोनी, गोंडस आणि स्वभावाने गरीब. त्याला कोणी सतावले, किंवा तो आजारी पडला, तर तो त्वचेतून विषारी श्लेष्मा सोडतो. हवाई बेटांजवळच्या एका जातीच्या या विषाचे पृथक्करण १९६७ मध्ये झाले. समुद्रात ते वाहून जाते. बंद टाकीत मात्र त्याने सकाळपर्यंत सर्व मासे मेलेले सापडतात, आणि पुष्कळदा त्यांत तो स्वतःही असतो. भांडखोर सोबत्यांत असा गरीब मासा ठेवणे हे सर्वांत मोठे धाडस होय.

मासे ठरले तरी सगळे एकदम सोडू नयेत. प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नाही ना, ते पाहावे. या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण तेच खेकडे, शंख व प्रवाळ यांना घातक असल्यामुळे मुख्य टाकीत ते टाकता येत नाही. सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. भित्रे मासे आधी सोडावेत, म्हणजे त्यांना कपारी निवडून स्थिरावता येते. दांडगे मासे सर्वांच्या शेवटी. आधी आलेला मासा टाकीला आपली समजतो, आणि दांडगा आधी आला तर मागाहून येणाऱ्याची धडगत नसते. एखादा नवा मासा सोडावयाचाच झाला, तर त्या दिवशी दगडांची मांडणी बदलावी. जुन्यांच्या सीमा पुसल्या जातात आणि सर्वांनाच नव्याने घर शोधावे लागते.

संख्येबाबत हात आखडता घ्यावा. २५ अंश सेल्सियस तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच. पाणी तापले की हा साठा आणखी घटतो. आणि मे-जून महिन्यांत जयपूरचा पारा ४० अंशांवर चढतो. माशांना मात्र २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. म्हणून खोली थंड ठेवणे व हवेचा पंप वीज गेल्यावरही चालेल अशी विद्युत्घटाची सोय करणे, या दोन गोष्टींवाचून येथील टाकी उन्हाळा काढणार नाही. त्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, पण क्षार मागे राहतात व पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. अशा वेळी भर घालावयाची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, शुद्ध गोड्या पाण्याची. आणि ती रोज थोडी थोडी, काचेवर आखलेल्या रेषेपर्यंत.