लोणार सरोवराच्या उपग्रह प्रतिमांचे स्तरयुक्त फाईलमध्ये रूपांतर : पद्धती व मर्यादा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलेले आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे व १० जून २०२० रोजी टिपलेल्या प्रतिमांत हा बदल स्पष्ट दिसतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले. या प्रतिमांची तुलना विद्यार्थ्यांना स्वतः करता यावी, यासाठी त्या संपादनक्षम स्वरूपात कशा आणाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रूपांतराची पद्धती

उपग्रहाची फाईल म्हणजे तयार छायाचित्र नव्हे. प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी करड्या छटांची स्वतंत्र जिओटिफ फाईल मिळते. क्रमांक ४ चा पट्टा लाल, ३ चा हिरवा व २ चा निळा होय. प्रथम क्यूजीआयएस या प्रणालीत सरोवराच्या परिसरापुरता भाग तिन्ही फाईलींतून कापून घ्यावा. नंतर फोटोशॉप अथवा गिंपमध्ये ते तीन स्तर एकावर एक रचून प्रत्येकास त्याचा शुद्ध रंग द्यावा व वरील स्तरांस 'स्क्रीन' हा मिश्रणप्रकार लावावा. पाचवा, म्हणजे निकट-अवरक्त पट्टा वेगळ्या स्तरावर ठेवणे उपयुक्त ठरते, कारण त्यात पाणी काळे व झाडी उजळ दिसून काठाची रेषा ओळखता येते. नावे व खुणा यांचा स्तरही निराळा असावा.

खरी अडचण छटांच्या विस्ताराची आहे. पृष्ठभागीय परावर्तनाच्या फाईलीतील संख्येस ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केल्यास परावर्तन मिळते. त्यानुसार शून्य ते ०.३ परावर्तन म्हणजे ७,२७३ ते १८,१८२ या संख्या. सोळा बिट फाईलीतील ६५,५३६ पायऱ्यांपैकी हा लहानसाच भाग असल्याने मूळ प्रतिमा काळपट दिसते आणि छटा ताणून घ्याव्या लागतात. येथे स्वयंचलित पर्याय निवडणे धोक्याचे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर प्रतिमेत पांढरे ढग आले, तर कमाल मर्यादा वर सरकते व सरोवर अकारण गडद होते. शिवाय प्रत्येक पट्टा वेगळा ताणला गेल्यास रंगच बदलतो. पाणी जेवढे गुलाबी झाले त्याहून अधिक किंवा कमी गुलाबी भासते. म्हणून दोन्ही दिनांकांच्या सर्व पट्ट्यांना वरील एकच मर्यादा लावणे अनिवार्य आहे. आठ बिटमध्ये उतरवल्यास सुमारे ४३ पायऱ्या एकाच छटेत मिसळतात; यास्तव काम सोळा बिटमध्येच करावे. गिंपमध्ये ही सोय २.१० आवृत्तीपासून (२०१८) उपलब्ध आहे.

मर्यादा

पीएसडी अथवा एक्ससीएफ फाईल तयार करताना अक्षांश-रेखांशाशी असलेला संबंध सहसा तुटतो. त्यामुळे कापलेल्या भागाच्या कोपऱ्यांचे सहनिर्देशक वेगळे नोंदवून ठेवावेत. लँडसॅटचा एक चित्रबिंदू ३० मीटरचा असल्याने सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचे सरोवर जेमतेम ४० बिंदूंत मावते. प्रतिमा मोठी करताना प्रणाली मधले बिंदू कल्पनेने भरते. त्या गुळगुळीत काठावरून पाण्याची पातळी घटली की वाढली, हे ठरवू नये. त्या मोजणीसाठी मूळ जिओटिफ फाईलीच वापराव्यात व त्या जशाच्या तशा जपून ठेवाव्यात.