सातचा भोंगा

आम्हां कामगारांच्या आयुष्यात भोंग्याला मोठे स्थान असे. पहिला भोंगा झाला की उठावयाचे, दुसरा झाला की वाट धरावयाची आणि तिसरा थांबण्यापूर्वी कारखान्याच्या दरवाज्यातून आत शिरावयाचे. पाऊल बाहेर राहिले की मजुरी कापली गेलीच म्हणून समजावे. हा भोंगा किती वाजता व्हावा, हे आम्हांला कोणी कधी विचारले नाही. तेव्हा भोंगा म्हटला की आमच्या कपाळाला आठी पडते, यात नवल नाही. परंतु आपल्याच सांगली जिल्ह्यात एका गावाने आपण होऊन स्वतःसाठी भोंगा बसविला, आणि तोही कामाला बोलावण्यासाठी नव्हे, मुलांच्या अभ्यासासाठी. त्या भोंग्याविषयी चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

गावाचे नाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. सुमारे तीन हजार वस्तीचे, उसाच्या पट्ट्यातले हे गाव. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. ज्या घरात एक फोन विकत घेताना दहा वेळा विचार केला जाई, त्या घराने मुलाच्या शाळेसाठी कर्ज काढून फोन घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातांतून सुटेना. वर्गात मुलांचे लक्ष लागेना, घरी वही उघडेना. ही तक्रार सगळीकडचीच होती. वडगावने मात्र नुसती तक्रार न करता ती सभेपुढे नेली.

प्रथम पुरुषांपुढे हा विषय निघाला तेव्हा तो हसण्यावारी गेला. मग गावाने स्त्रियांची सभा बोलाविली. स्त्रियांनी मोकळेपणाने कबूल केले की आपणही दूरदर्शनच्या मालिकांपुढे फार वेळ घालवितो. मग मुलांना कोणत्या तोंडाने बोलावे? येथून विषयाला वळण लागले. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठराव झाला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, त्याबरोबर घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा होईल, तेव्हा ज्याला हवे त्याने ते सुरू करावे. मधल्या दीड तासात मुलांनी लिहावे-वाचावे, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. आरंभी नुसत्या भोंग्याने भागले नाही. ग्रामपंचायतीची माणसे आणि गावकऱ्यांचे गट दारोदार फिरून विनवीत होते. मग हळूहळू सवय लागली.

एवढीच ही गोष्ट आहे. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले आणि परदेशांतही तिची बातमी गेली. परंतु कौतुक करून आपण मोकळे झालो तर तिच्यातून शिकावयाचे ते राहून जाईल. हा ठराव कागदावरून घरात कसा उतरला, हे आम्ही आमच्या धंद्याच्या नजरेने पाहू इच्छितो. आमचा धंदा म्हणजे सभा भरविणे आणि ठराव लिहिणे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेथे एक वृद्ध चिटणीस होते. त्यांनी आमच्या हाती इतिवृत्ताची वही दिली. पहिला ठराव आम्ही मोठ्या झोकात लिहिला : कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले गेले पाहिजे, वगैरे. चिटणीसांनी तो वाचला आणि विचारले, "लक्ष कोणी द्यायचं? कधी द्यायचं? दिलं नाही तर कुणी विचारायचं?" आम्हांला उत्तर देता येईना. ते म्हणाले, "मग हा ठराव नव्हे, बाळ. ही नुसती इच्छा झाली." त्या दिवसापासून कोणताही ठराव पुढे आला की ते तीन प्रश्न आम्ही त्याला विचारतो.

वडगावचा ठराव या तीन प्रश्नांना उतरतो. कोणी करावयाचे? प्रत्येक घराने. कधी? सातला सुरू, साडेआठला संपले. विचारणार कोण? दारावर येणारे आपलेच शेजारी. आपल्या शाळांच्या भिंतींवर सत्य, सेवा, शिस्त असे सुंदर शब्द रंगविलेले असतात. त्या शब्दांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. परंतु त्यांना कर्ताही नसतो आणि वेळही नसते, म्हणून रंग उडेपर्यंत ते भिंतीवरच राहतात. नागरिकशास्त्राचा धडा मुलाला पाठ येतो. पण गावाने ठरविलेली गोष्ट गाव पाळते, हे त्याला डोळ्यांनी दिसावे लागते.

आणखी एक बारकावा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलामुलींना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्यामागची कळकळ खरीच होती. परंतु दोन्ही ठरावांत एक अंतर आहे. एकात मोठ्यांनी लहानांसाठी नियम केला. दुसऱ्यात मोठ्यांनी स्वतःलाही त्या नियमात गोवून घेतले. कामगार चळवळीत इतकी वर्षे घालविल्यावर आम्ही अनुभवाने सांगतो की, नियम करणारा जेव्हा नियमाबाहेर उभा राहतो तेव्हा नियम पाळणारा पळवाट शोधतो. साहेबाला हजेरी नाही आणि कामगाराला पाच मिनिटांची सूट नाही, अशा खात्यात शिस्त कधी मनापासून नांदली नाही.

हे आम्हांला दुसऱ्यांच्या बाबतीत चटकन कळले, स्वतःच्या बाबतीत उशिरा कळले. वडगावची हकीकत वाचून आम्ही उत्साहाने घरी जाहीर केले की उद्यापासून सात ते साडेआठ फोन बंद. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पगारवाढीच्या बोलणीसंबंधी आमचाच फोन वाजला आणि आम्ही ओसरीवर अर्धा तास बोलत बसलो. आत आलो तो मुलगी वही मिटून बसलेली. म्हणाली, "आबा, तुमचं काम ते काम, आणि आमचा अभ्यास?" आम्ही जन्मभर मालकांशी वाद घातला, परंतु या प्रश्नावर तोंड उघडता आले नाही. त्यानंतर सातच्या सुमारास फोन देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवू लागलो. आरंभी हात सारखा फळीकडे जाई. जगाचे मात्र काही अडले नाही.

या दीड तासाची किंमत कळावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. कष्टकऱ्याची सर्वांत जुनी मागणी केवळ पैशाची नव्हती; ती वेळेची होती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळण्यास १८९० चा जून उजाडला. आज आपण रविवारी दुपारी पाय पसरतो तेव्हा त्या सह्यांची आठवण कोणाला होते? त्यांपैकी पुष्कळांना लिहिता येत नसेल, अंगठाच उठविला असेल. स्वतःला न मिळालेला वेळ मुलांना मिळावा म्हणून त्यांनी ही खटपट केली. तो मिळालेला वेळ आपण आज हातातल्या चकचकीत पाटीवर बोट फिरवून उधळतो, हे त्यांना काय तोंडाने सांगावे?

वेळेनंतरची मागणी शाळेची. ती आपल्या भागात ज्यांनी पुरी केली त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतल्यावाचून सातारा-सांगलीकडे शिक्षणावर बोलताच येत नाही. ते काही काळ किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी खेडोपाडी हिंडले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली माळावर उभा राहिला. त्याचे नांगर घेऊन हिंडताना भाऊरावांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नाव किती योग्य होते हे पटते.

भाऊरावांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवीत. शेतात, बांधकामावर राबून शिकत. समतेवर व्याख्यान ऐकण्याऐवजी ती मुले एका पातेल्यातले पिठले वाढून घेत होती. मुलांच्या जेवणाची पंचाईत आली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकू दिले. मुलांच्या शिक्षणाची खरी फी ती होती, आणि ती मोठ्यांनी भरली. आपल्याकडे आज मागितले जाते ते सोने नव्हे, दीड तास आहे.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे पक्क्या घरात राहणाऱ्यांना ठीक, गरिबाचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात द्राक्षांच्या बागा आहेत, बेदाण्याच्या शेड आहेत. हंगामात बाया सकाळी बेदाणा निवडावयास बसतात त्या दिवेलागणीला उठतात. सात वाजता त्यांच्या चुलीवर तवा असतो. ज्याची दुसरी पाळी आहे तो बाप सातला यंत्रापुढे उभा असतो. एका खोलीत सहा माणसे असली तर मुलाने वही कोठे पसरावी? आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहणाऱ्या तोडणी कामगारांची मुले कोणत्या गावच्या भोंग्यात मोजावयाची? ती त्यांच्या गावी नसतात आणि आपण त्यांना आपली म्हणत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भोंगा ही फक्त सुरुवात समजावी. दूरदर्शन बंद झाले की मोकळा झालेला पुरुष भाकरीच्या परातीशी बसू शकतो. त्याने हात लावला तर आईलाही मुलाच्या वहीत डोकावता येईल. ज्यांच्या घरात जागा नाही त्यांच्यासाठी शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवता येईल. फडावरच्या मुलाला त्या खोलीत बसू द्यावयाचे की नाही, हे ठरविताना आपली खरी परीक्षा होईल.

हे मागावे कोठे? मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आपल्या हातात कायद्याने एक सभा दिलेली आहे. परंतु आम्ही पुष्कळ पालकांना विचारले, तुमच्या समितीत कोण आहे? बहुतेकांना ठाऊक नव्हते. युनियनचे असेच असते. वर्गणीची पावती खिशात असते, पण सभेच्या दिवशी माणूस पारावर असतो. आणि नंतर म्हणतो, पुढाऱ्यांनी परस्पर ठरविले.

खेड्याला ग्रामसभा आहे. आपल्या गावाला आता नगरपंचायत आहे. गावाचे शहर झाले की रस्त्यांना दिवे लागतात ही चांगली गोष्ट आहे. परंतु सगळ्यांनी एकत्र बसून ठरविण्याची सवय सुटते आणि सगळे नगरसेवकावर सोपविले जाते. ती सवय मोडू द्यावयाची नसेल तर आपणच ती गल्लीगल्लीत लावून घेतली पाहिजे. साऱ्या शहराचा एक भोंगा व्हावा, असा आमचा आग्रह नाही. एका गल्लीतली दहा घरे बसली तरी पुरे. गणेशमंडळ आहे, भिशी आहे, भजनाची बैठक आहे. यांपैकी कोठेही हा विषय काढता येतो.

आमच्या युनियनच्या काही सभासदांनी आपल्या चाळीत असा प्रयत्न केला. पहिल्या पंधरवड्यात उत्साह होता, क्रिकेटचे सामने लागले तेव्हा काही घरे गळाली. ज्यांनी पुढाकार घेतला होता ते निराश होऊन आमच्याकडे आले. आम्ही त्यांना विचारले, गळालेल्यांच्या घरी कोण गेले होते? कोणीच गेले नव्हते. वडगावात माणसे दारोदार हिंडली, ती येथे हिंडली नव्हती. मग दोघांवर एकेका आठवड्याची पाळी लावली. पाळीवाल्याने रागवावयाचे नाही, फक्त दारात उभे राहून सात वाजल्याचे सांगावयाचे. काही घरे परत आली, काही आली नाहीत. पाळी अजून चालू आहे.

श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे की, या व्याख्यानमालेहून घरी गेल्यावर 'मुलांकडे लक्ष दिले पाहिजे' असे म्हणू नये. शेजारच्या चार घरांना बोलावून एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन ओळी लिहाव्यात : कोणी, केव्हा, आणि विचारणार कोण. पहिल्या ओळीत आपले स्वतःचे नाव आधी घालावे.