लायब्ररी जुळत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

आज एका एलईडीच्या गोष्टीने सुरुवात करू.

आमच्या शनिवारच्या वर्गात आठवीतल्या दोन मुली रेल्वे फाटकाचं मॉडेल करत होत्या. बोर्ड आर्डुइनो उनो. ९ नंबरच्या पिनवर एक एलईडी होता, तो हळूहळू उजळायचा आणि हळूहळू मंद व्हायचा. छान चाललं होतं. मग त्यांनी फाटक वर-खाली करायला १२ नंबरच्या पिनवर सर्व्हो मोटर जोडली आणि प्रोग्रॅममध्ये सर्व्हो लायब्ररी घेतली. फाटक हललं, पण एलईडीचं उजळणं-मंदावणं बंद पडलं.

आम्ही काय केलं? एलईडी बदलला, रेझिस्टर बदलला, वायरी बदलल्या, शेवटी बोर्डसुद्धा बदलला. मुलींनी प्रोग्रॅम तीनदा पुसून लिहिला. स्क्रीनवर एकही एरर नाही! दोन तासांनी त्यातली एक म्हणाली, "सर, मला हे जमणार नाही." ते आम्हाला लागलं, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं आमचं. लायब्ररीच्या माहितीत पहिल्याच परिच्छेदांत लिहिलेली गोष्ट आम्ही वाचली नव्हती.

ती गोष्ट काय, ते बघू. उनोवर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिच्यात तीन टायमर असतात. टायमर म्हणजे चिपच्या आतलं मोजणी करणारं यंत्र. एलईडी मंद करायचा तर पिन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करावी लागते, आणि ते काम टायमर करतो. शून्य नंबरचा टायमर ५ आणि ६ या पिना सांभाळतो, शिवाय 'डिले' आणि 'मिलिस'चा वेळही तोच मोजतो. १ नंबरचा टायमर ९ आणि १० सांभाळतो. २ नंबरचा ३ आणि ११.

आता सर्व्हो लायब्ररीलाही अचूक वेळेचे ठोके लागतात. त्यासाठी ती १ नंबरचा टायमर ताब्यात घेते. मोटर कुठल्याही पिनवर जोडलेली असो, ९ आणि १० वरचं 'ॲनालॉगराइट' बंद पडतं. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं, असा प्रकार. एलईडी ५ नंबरच्या पिनवर नेला, प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला, काम झालं. बझर वाजवणारं 'टोन' असंच २ नंबरच्या टायमरवर चालतं. म्हणून ते वाजत असताना ३ आणि ११ वर एलईडी मंद करायला जाऊ नका.

म्हणजे आपण लायब्ररी घेतो तेव्हा नुसता कोड घेत नाही. ती चिपमधली काही सामग्री वापरते, आणि एका विशिष्ट चिपबद्दल काही गोष्टी गृहीत धरते. पुढच्या दोन अडचणी इथूनच निघतात.

पहिली, चिप बदलणं. वायफाय हवं म्हणून आपण उनोवरून ईएसपी३२ वर जातो. आयडीई तीच, भाषा तीच, म्हणून बोर्डही सारखाच वाटतो. पण उनोची चिप ८ बिटांची, एव्हीआर घराण्यातली. ईएसपी३२ ही ३२ बिटांची, आतली रचना पूर्ण वेगळी. ज्या लायब्ररीने एव्हीआरच्या टायमरला थेट हात घातला आहे, तिला इथे तो टायमर सापडतच नाही. नेहमीची सर्व्हो लायब्ररी ईएसपी३२ वर कंपाईल होत नाही. आपण कुठले प्रोसेसर चालवतो, हे ती एररमध्येच सांगते. तिथे ईएसपी३२सर्व्हो ही वेगळी लायब्ररी घ्यायची.

प्रत्येक लायब्ररीसोबत माहितीची एक छोटी फाईल असते. ती कुठल्या चिपसाठी आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे फक्त एव्हीआर असेल आणि तुमचा बोर्ड दुसरा असेल, तर आयडीई इशारा देते. तिथे नुसती चांदणी असेल तर त्याचा अर्थ 'सगळीकडे चालते'. पण बरं का, तो लेखकाचा दावा असतो. चालवून बघितल्याशिवाय खरा मानू नका.

दुसरी अडचण आवृत्तीची. ईएसपी३२ वर एलईडी मंद करायला पूर्वी 'एलईडीसी-सेटअप' आणि 'एलईडीसी-अटॅच-पिन' अशा दोन आज्ञा लागायच्या. २०२४ मध्ये बोर्ड पॅकेजची ३.० आवृत्ती आली. त्यात दोन्ही काढून 'एलईडीसी-अटॅच' ही एकच आज्ञा ठेवली. 'एलईडीसी-राइट' हे नाव तसंच राहिलं, पण पूर्वी त्यात चॅनेलचा नंबर द्यायचा, आता पिनचा द्यायचा. २०२१ चा व्हिडिओ बघून तुम्ही अक्षर न अक्षर उतरवून घेतलंत तरी आज तो प्रोग्रॅम चालणार नाही. व्हिडिओ खोटा नाही, तुम्हीही चुकलेला नाही. मधे पॅकेज बदललं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग अपडेट करायचंच नाही का?)

करायचं, पण प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नाही! चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: बोर्ड कुठला, बोर्ड पॅकेजची आवृत्ती कुठली, प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती कुठली. अपडेटनंतर बिघडलं तर लायब्ररी मॅनेजर आणि बोर्ड मॅनेजरमधून जुनी आवृत्ती निवडून पुन्हा बसवता येते. पण आधी कुठली होती, हे माहीत हवं ना!

आणि एरर आली तर शेवटची ओळ वाचून घाबरू नका. वर जा आणि पहिली एरर शोधा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. ती तुमच्या फाईलमधली आहे की लायब्ररीच्या, हे बघा. लायब्ररीच्या फाईलचं नाव दिसलं, तर आधी बोर्ड आणि आवृत्ती तपासा. एररच नसेल आणि वागणं बिघडलं असेल, तर शेवटी जोडलेली लायब्ररी काढून बघा. त्या शनिवारी आम्ही एवढं केलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

फाटक प्रदर्शनात चाललं. "मला जमणार नाही" म्हणणाऱ्या मुलीने तक्त्याच्या कोपऱ्यात पिनांची यादी लावली होती, कुठली पिन कुठल्या टायमरवर, अशी. पुढच्या वेळी येताना तुमच्या बोर्डाची तशीच यादी करून आणा. आपण तिथूनच पुढे जाऊ.